अकरा चोपन्न

११:५४

शिडीवर चढलेल्या घड्याळजी एल्डन थर्लोने सभागृहाच्या घड्याळाला कान लावला. टिकटिक नाही. किल्ली भरलेली, तेल ताजं, तरी लंबक मेल्यासारखा लोंबत होता. खाली आमदार घसा फोडून भांडत होते. वर कुणाचंच लक्ष नव्हतं.

एकतीस वर्षांत हे घड्याळ एकदाही बंद पडलं नव्हतं. नक्कीच कुणीतरी हात लावला होता.

११:५४

अजून तेच. एल्डनच्या खिशातलं घड्याळ मात्र बारा एक्केचाळीस दाखवत होतं.

अधिवेशन शेवटच्या दिवशी दुपारी बाराला संपे, आणि बारा कधी वाजले हे सभागृहाचं घड्याळ ठरवी. विधेयक अडलं की दारावरचा स्टॅन झाडूच्या दांड्याने लंबक थांबवी. मग हवं तितकं भांडा. राजधानीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. एल्डनला नव्हतं. त्या दिवशी दरवर्षी त्याला भरपगारी रजा मिळे, आणि तो बायकोबरोबर, लोर्नाबरोबर, तळ्यावर मासे धरायला जाई. यंदा लोर्ना नव्हती. तो कामावर आला.

त्याने काटे जुळवले. लंबकाला बोट लावलं.

१२:४२

"बारा वाजून गेले!" विरोधी बाकांवरून आरोळी उठली. तळ्याचा काठ हॉटेलवाल्यांना विकायचं विधेयक मतदानाआधीच मेलं.

"म्हाताऱ्या, काय करून बसलास हे!" स्टॅन शिडीला धरून उभा होता.

"दुरुस्त केलं. कुणी हात लावला होता रे? तू पाहिलंस?"

स्टॅन छताकडे बघत राहिला.

१:३०

सभापती प्रॅटनी दार लावून घेतलं. "कुणी पाठवलं तुम्हाला?"

"कुणी नाही. घड्याळ बंद होतं."

"आज नेमकी रजा का नाही घेतलीत?"

"घरी बसून काय करू?"

"हा आपल्याला खेळवतोय, साहेब," त्यांची सल्लागार मिस कोल कुजबुजली. "इतका साधा माणूस असतो का कुठे?"

"माझाही एक संशय आहे," एल्डन म्हणाला. "हे मुद्दाम केलंय कुणीतरी. चौकशी करा."

दोघांच्याही मनात एकच आलं. म्हातारा धमकी देत होता तर!

२:१०

जिन्यात विरोधी पक्षनेत्याने एल्डनचा हात दाबला. "मानलं बुवा! आमच्यापैकी कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"बरं, नका सांगू." त्याने डोळा मारला, पण जाताना दोनदा वळून पाहिलं. आपल्याच पक्षात, आपल्याला न विचारता?

३:००

कागद टाइप होऊन आला : 'घड्याळ सदोष असून सत्तेचाळीस मिनिटे पुढे होते.' एल्डनची सही झाली की काटे मागे जाणार होते, आणि मग मतदान.

"सही करा आणि सोमवारी कामावर या," प्रॅट म्हणाले. "नाहीतर किल्ल्या ठेवून जा."

एल्डनने कागद दोनदा वाचला. ओळीवर रेघ मारली. समासात सावकाश लिहिलं : 'घड्याळ बरोबर आहे. ११:५४ ते १२:४१ बंद होते. कुणी थांबवले ते कळले नाही.' खाली सही केली, आणि शाई वाळेपर्यंत थांबला.

"हे काय?"

"कागदात चूक होती."

मग कमरेचा अठरा किल्ल्यांचा जुडगा सोडून त्याने टेबलावर ठेवला.

"उत्तरेकडच्या जिन्यातलं घड्याळ दमट हवेत दोन मिनिटं मागे पडतं," तो म्हणाला. "त्याला घाई करू नका. येतं आपोआप जागेवर."