दादाचे तेरा गोल

फुटबॉल महासंघाच्या ऑफिसात गेली सव्वीस वर्षं राष्ट्रीय संघाचं रेकॉर्ड मी ठेवते. कुठली स्पर्धा, सामना कुणाशी, गोल किती केले, किती खाल्ले. केलेले मोजायला वेळ लागत नाही, खाल्लेल्यांना लागतो. पण आहे ते आहे. संघाला साठ वर्षं झाली म्हणून यंदा पुस्तिका काढायचं ठरलं, आणि पुस्तिकेत ज्यांची नावं असतील त्या जुन्या खेळाडूंचा सत्कार. माझा थोरला भाऊ देशासाठी एकच सामना खेळला, गोलकीपर म्हणून. "माझं नाव येईल ना गं?" हे तो महिनाभर रोज विचारत होता. सत्काराला घालायचा कोट त्यानं दोनदा धुवायला टाकला.

आणि सचिवांनी माझं पान परत पाठवलं. दादाच्या स्पर्धेची ओळ लाल शाईनं खोडून वर लिहिलं होतं, 'संघ सहभागी झाला नाही'.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहभागी झाला नाही म्हणे. दोन दिवस बसमधे हाडं खिळखिळी करून पोरं गेली होती. आदल्या दिवशी मुख्य कीपरचा पाय मुरगळला, म्हणून दादाला उभं केलं. मध्यंतराआधीच त्याची करंगळी मोडली, तरी तो शेवटपर्यंत खेळला. तेरा गोल झाले, खरंय. पण ते घरी बसून झाले नाहीत.

मी पान घेऊन सचिवांच्या खोलीत गेले. "साहेब, हे काय?"

"बाई, तेरा-शून्य छापायचं? लोक हसतील. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"लोक तेव्हाच हसून मोकळे झालेत. आता कशाला लपवायचं?"

त्यांनी पुढची फाईल ओढली. हे स्वतः आयुष्यात एकदाही चेंडूला पाय न लावलेले गृहस्थ, बरं का.

संध्याकाळी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "असू दे. त्यांची पुस्तिका, ते काय हवं ते करतील." कोट कपाटात टाकून गपचूप जेवला. त्यानं आरडाओरडा केला असता तर मला कमी लागलं असतं.

साहेबांनी ते पान तसंच छापखान्यात धाडलं, आणि दोन दिवसांनी तिथल्या फोरमनचा मला फोन आला. त्या पानावर खाल्लेल्या गोलांची बेरीज जुळत नव्हती. खाली एकूण एकसष्ट, वरच्या ओळी मिळून अठ्ठेचाळीस. जुळेल कशी? ओळ खोडताना साहेबांना बेरजेची आठवणच राहिली नव्हती. बरं, एकसष्टचा आकडा गेल्या वर्षीच आंतरराष्ट्रीय महासंघाला कळवलेला, तो आता बदलता येत नव्हता. साहेबांनी पेन्सिल घेतली आणि ते तेरा गोल इतर चार पराभवांत वाटून टाकले. दोन-शून्यचे पाच-शून्य केले, एक-शून्यचे चार-शून्य. मुंजीतले लाडू वाटावेत तसे. वर मला म्हणतात, "तसेही हरलोच होतो, कुणाला काय फरक पडतो?"

हेही मी घरी सांगितलं. दादाच्या हातातला घास ताटात पडला.

"कुणाच्या नावावर टाकले?"

"दोन सामने बुटक्याचे, दोन लंबूचे." दोघंही दादाच्या आगेमागे खेळलेले कीपर. लंबूला जाऊन चार वर्षं झाली.

"त्या एक-शून्यच्या सामन्यात लंबू जीव खाऊन खेळला होता. एकच गोल झाला त्याच्यावर. आता भांडायलाही तो नाही." दादाचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "माझं नाव खोडलं, खोडू दे. पण माझे गोल त्याच्या गळ्यात बांधायचे? हा काय न्याय झाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याबरोबर ऑफिसात आला, घरच्याच सदऱ्यावर. सचिवांच्या टेबलासमोर उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"साहेब, माझे तेरा गोल मला परत द्या."

"अहो, तुमचीच अब्रू झाकतोय."

"ती झाकायला मी सांगितलं नव्हतं. तेरा गोल मी खाल्ले, माझे मीच बघीन. सत्कार करू नका, बोलावू नका. पण त्या दोघांच्या नावावर एकही जास्तीचा गोल चालणार नाही."

"पुस्तिका छापखान्यात गेलीय, आता काही होत नाही," साहेबांनी हात वर केले.

आमच्याकडे एक पद्धत आहे. रेकॉर्डच्या प्रत्येक पानाखाली 'तपासून बरोबर' असं लिहून मी सही करते, त्याशिवाय छापखाना पान यंत्रावर चढवत नाही. त्या पानावर मी सही केलेली नव्हती आणि करणारही नव्हते. हे मी साहेबांना तिथंच सुनावलं. नोकरी राहिली तर राहिली, गेली तर गेली. मी त्यांच्याच टेबलावरचा फोन उचलून फोरमनला लावला.

"पेन्सिलीचे सगळे आकडे खोडा, जुनेच ठेवा," मी म्हटलं, "आणि ती खोडलेली ओळ परत घ्या. सामना एक, पराभव एक, केलेले गोल शून्य. खाल्लेले किती ते ज्याचे त्यालाच विचारा." आणि फोन दादाच्या हातात दिला.

"तेरा," दादा म्हणाला. मग घसा साफ करून त्यानं गोलकीपरचं नाव एकेक अक्षर करून सांगितलं, आणि फोरमनकडून परत वाचून घेतलं.