रिकाम्या आकाशाचं वर्तुळ

माझी दीर्घिका शून्यापेक्षा कमी भरत होती. पडद्यावर मला ती दिसत होती, कपडा धुतल्यावरही राहिलेल्या चहाच्या डागासारखी फिकट. पण तिच्याभोवती हिरवं वर्तुळ काढून आतला प्रकाश मोजला की उत्तर उणे यायचं. दिसणारी वस्तू उणे कशी असेल? सकाळपासून मी ते वर्तुळ पुसत होते, पुन्हा काढत होते, लहानमोठं करत होते. मोठ्या दुर्बिणीवर वेळ मागण्याचा अर्ज संध्याकाळी बंद होणार होता आणि त्यावर माझ्या मार्गदर्शक ग्लेनिसची सही लागणार होती. आकडा उणे असताना ती सही करणार नाही. आणि वेळ मिळाला नाही तर माझ्या प्रबंधात उरणार काय, डोंबल?

"टेगन, तुला ती दिसतेय कारण ती तुला हवी आहे," शेजारच्या टेबलावरून डूगल म्हणाला, आमच्याच गटातला. कूनाबाराब्रन गावच्या बेकरीतला अख्खा लॅमिंग्टन केक त्याने तोंडात कोंबला होता.

"तू खा मुकाट्याने."

आकाश कधीच पूर्ण काळं नसतं. म्हणून आधी एखाद्या रिकाम्या जागेचा उजेड मोजायचा आणि तो सगळीकडून वजा करायचा. आमच्या गटाची ही रिकामी जागा ग्लेनिसने तरुणपणीच आखून ठेवली आहे. नवा येणारा प्रत्येकजण तिचं वर्तुळ आपल्या चित्रावर चढवतो आणि पुन्हा त्याला हात लावत नाही.

वैतागून मी माझं वर्तुळ काहीच नसलेल्या जागी नेलं. उणे. दुसऱ्या कोपऱ्यात नेलं. तिथेही उणे.

"डूगल, अख्खं आकाश शून्याखाली गेलंय."

"घरी जा. झोप काढ."

मग घाईत माझ्या वर्तुळाऐवजी ग्लेनिसचंच माउसला लागलं आणि भलतीकडे सरकलं. माझ्या दीर्घिकेचा आकडा उण्याचा अधिक झाला. मी माउसवरून हात काढला, कारण हवं ते उत्तर येईपर्यंत वर्तुळ सरकवत राहणं याला आमच्यात सरळ लबाडी म्हणतात. मी ते जागेवर ठेवलं, तर उणे. आणखी तीन ठिकाणी ठेवून पाहिलं, तर सगळीकडे अधिक. नक्की खरं काय धरावं, मला कळेना. शेवटी ग्लेनिसला बोलावलं.

तिने उभ्यानेच पाहिलं. "तुझ्या जागा रिकाम्या कशावरून?"

"नसतीलही. पण त्या एकमेकींशी जुळतात. तुझी कुणाशीच जुळत नाही."

"डूगल, उजेड ताण जरा, फिकटातलं फिकटही दिसू दे," ग्लेनिस म्हणाली. "अजून ताण."

चित्र पांढरं पडत गेलं. ग्लेनिसच्या वर्तुळात धूसर उजेड पसरला होता, सलग, कुठेही कड नसलेला, म्हणून नुसत्या डोळ्याला कधी न जाणवलेला. शेजारच्या दीर्घिकांच्या पुंजक्याचा उजेड तिथपर्यंत आला होता. डूगल चावायचा थांबला.

त्या पुंजक्याचा उजेड ठरावीक अंतरावर एकदम संपतो, हा ग्लेनिसचा शोध. त्याच्यावर तिचं नाव झालं. पण उजेडातून तोच उजेड वजा केला तर तो संपणारच, हे आम्हा तिघांना एकदमच कळलं. मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं, आणि तरीही माझी नजर घड्याळाकडे गेली. त्याची लाजही वाटली.

ग्लेनिस खुर्चीत बसली. तिने माउस घेतला, आपल्या वर्तुळावर क्लिक केलं आणि डिलीट दाबलं. सॉफ्टवेअरने 'नक्की ना?' असंही विचारलं नाही.

"अर्ज उघड," ती म्हणाली.

"उद्या पुन्हा बघूया का? कदाचित माझंच काही..."

"टेगन. अर्ज."

मी उघडला. तिने तो खालपर्यंत वाचला.

"मग हा उजेड संपतो कुठे?"

"माहीत नाही."

"चित्रात तरी संपत नाही," डूगल हळूच म्हणाला.

"मग एवढंसं आकाश काय मागतेस?" ग्लेनिस म्हणाली. "चौपट माग." आणि तिने सही केली.