लाखेखालची नखं

सकाळी माझ्या उजव्या हाताच्या जागी बाबांचा हात असतो.

असं लिहिलं की लोक म्हणणार, झालं, हिचं डोकं फिरलं. म्हणून पुन्हा लिहिते. सकाळी माझी बोटं आखडलेली असतात. तळहाताकडे वळलेली, आणि मधलं तर मुळापासून टोकापर्यंत सरसकट सुजलेलं. उशीवर पडलेल्या त्या हाताकडे मी बघते, आणि तो बाबांचा असतो. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली.

दोन्ही खरंच आहे. त्यातलं एक डॉक्टरांना सांगता येतं, एवढाच फरक.

*

लाकडाला पॉलिश करणं हे आमचं काम. आधी बाबांचं, आता माझं. गल्लीच्या टोकाला एक लांबट खोली, भिंतीवर उलट्या टांगलेल्या खुर्च्या, सगळीकडे स्पिरिटचा वास. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा सुती कापडात गुंडाळायचा आणि हात गोल गोल फिरवत राहायचं. बोळा एका जागी थांबला की तिथे डाग पडलाच. म्हणजे हाताला थांबायची मुभा नाही. आमच्यात हात गेला की माणूस गेला.

बाबांचा गेला होता. शेवटी शेवटी त्यांची मूठ उघडतच नसे. आई त्या मुठीत चमचा खुपसून द्यायची. घरात याचा अर्थ एकच लावला गेला: तापट माणूस, जन्मभर मुठी आवळून बसला, त्या तशाच राहिल्या. आत्या तर चारचौघांत म्हणायची, "दादाचा राग हाडात उतरलाय."

मी नवऱ्याला विचारलं, "मी रागीट आहे का रे?"

"तुझ्या हातात हातोडी आहे," तो म्हणाला. "तेव्हा नाही."

*

ओल्या पॉलिशमध्ये आरशासारखं दिसतं. मी तोंड बघत नाही, हात बघते. वरून माझा हात उतरतो, खालून त्यांचा वर येतो. बोळ्यापाशी दोघं भेटतात आणि मग कोण कुणाला फिरवतंय

हे वाक्य मला पुरं करता येत नाही. पुढे जाते.

*

पहिले डॉक्टर आमचे नेहमीचे. म्हणाले, कामाचा ताण, वय, थोडी विश्रांती घ्या.

दुसरे हाडांचे. त्यांनी एक्स-रे काढला, रक्त तपासलं. "संधिवाताची तपासणी निगेटिव्ह आली. आनंदाची बातमी!" ती आनंदाची बातमी घेऊन मी घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी मला स्वतःचं बटण लावता आलं नाही.

तिसऱ्या कातडीच्या. कोपरांवर लालसर चट्टे होते, वर चंदेरी खवले. "हे स्पिरिटने झालंय," असं मीच त्यांना सांगून टाकलं. त्यांनी मलम दिलं. बोटांचं मी काढलंच नाही. कातडीवाल्यांना हाडांचं कशाला सांगायचं? आणि हाडवाल्यांकडे मी पूर्ण बाह्या घालून गेले होते. डोक्यातल्या कोंड्याबद्दल तर कुणालाच नाही. कोंडा काय, सगळ्यांनाच असतो.

"म्हणजे प्रत्येकाला टेबलाचा एकेक पाय दाखवलास," नवरा म्हणाला, "आणि विचारलंस, टेबल डुगडुगतंय का?"

"तुझं झालं का?"

"झालं. आता मालकीणबाई, इकडे या, बटण लावतो."

*

— खड्डा दिसला की भरायचा.

हे बाबा. कामाला बसलं की ते बोलायला लागतात.

— गिऱ्हाईक आधी आपले हात बघतं, मग लाकूड.

हो बाबा.

माझ्या नखांवर खड्डे पडले होते. बारीक, टाचणीने टोचल्यासारखे. मग मी काय केलं? लाकडाला करते तेच केलं. घट्ट लाखेचा थेंब प्रत्येक नखावर. वाळू द्यायचा, बारीक पॉलिश पेपरने घासायचा, वरून पुन्हा एक थर. नखं मधाच्या रंगाची, गुळगुळीत. डॉक्टरांकडे जायच्या दिवशी तर हटकून करायचे. चांगले कपडे घालून जावं तसं.

*

आत्या आली. बसली, तिने माझा हात मांडीवर घेतला, उलटासुलटा केला.

"दादाचाच हात गं. अगदी दादाचाच."

"डॉक्टर चालू आहेत, आत्या."

"काय करायचेत डॉक्टर? त्याच्यात तरी काय निघालं होतं?"

"बाबा कधी डॉक्टरकडे गेले होते?"

"गेला की! तुझ्या आईने ढकललं म्हणून गेला. धुतलेला शर्ट, मनगटापर्यंत बटणं, आणि नखं काय चकचकीत केलेली! मी म्हटलं, दादा, डॉक्टरकडे चाललास की नवरी बघायला?"

ती हसली. मी हसले नाही.

बाबांची नखं कायम तपकिरी असत. मला वाटायचं, कामाचे डाग. जन्मभर वाटत आलं.

आत्या गेल्यावर मी स्पिरिटची बाटली घेतली. कापूस भिजवला आणि एकेक नख पुसत गेले. लाख सुटत गेली, खाली खड्डे दिसायला लागले. कुठे नख कडेने उचललं गेलेलं, त्याखाली पिवळसर. खोलीत कुणीतरी जोरात श्वास आत ओढला. मी एकटीच होते, म्हणजे मीच ओढला असणार.

— अगं, झाक ते.

नाही बाबा.

*

सांध्यांचे डॉक्टर वेगळे असतात, हे मला तोवर माहीतच नव्हतं. नवऱ्याने शोधून काढलं. चष्मा कपाळावर चढवलेल्या बाई. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि आधी नखं पाहिली.

"हे कधीपासून?"

"बाबांपासून," मी म्हणाले. जीभ घसरली. त्या हसल्या नाहीत.

"बाबांना सोरायसिस होता?"

"ते पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायचे."

"मी शर्टाचं नाही विचारलं."

"तेच सांगतेय. मी त्यांची कोपरं कधी बघितलीच नाहीत."

मग त्यांनी माझी कोपरं बघितली, कानामागे बघितलं, केस बाजूला सारून टाळू बघितली. तो कोंडा नव्हता.

"सोरायटिक आर्थ्रायटिस," त्या म्हणाल्या. "शरीराची राखण करणारी यंत्रणा आपल्याच कातडीवर आणि सांध्यांवर चालून जाते. याची अशी एक रक्ततपासणी नाही. बघावं लागतं, विचारावं लागतं."

"रागाने होतं का?"

"कुणाच्या?"

मी आपल्याच मुठीकडे बघितलं.

"रागाने होत नाही," त्या म्हणाल्या. "घराण्यात असू शकतं."

"हात राहील का माझा?"

त्यांनी मधलं बोट हलकेच वाकवून पाहिलं. "सूज उतरवता येईल. जी झीज झाली ती परत येत नाही. गोळ्या घेतल्यात, तपासण्या चुकवल्या नाहीत, तर बहुतेक राहील."

*

बहुतेक.

गोळ्या आठवड्यातून एकदाच, रोज नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं. गोळ्यांच्या दुसऱ्या दिवशी मळमळायचं. लाखेचा वास, जो मला वासच वाटत नसे, तो अंगावर यायचा. मधूनमधून रक्त द्यायचं, यकृत ठीक आहे ना बघायला. कितीतरी आठवडे काही म्हणजे काही झालं नाही.

मग बाबा लवकर जायला लागले. आधी माझी आंघोळ होईपर्यंत थांबायचे. मग नुसता चहा होईपर्यंत. आणि एका सकाळी मी डोळे उघडले, हात उशीवर होता, मी तो उघडला आणि तो उघडला. मधलं बोट थोडं वाकडं. बाकी सगळा माझा.

मी पडून राहिले, वाट बघत. कुणी आलं नाही. मला रडू फुटलं.

"अगं, बरं झालं तर रडतेस?" नवरा म्हणाला. "वाईट झालं असतं तर काय नाचली असतीस?"

त्याला काय सांगणार? माणूस रागीट नव्हता. दुखत होतं त्याला. हे कळलं, आणि तो निघून गेला.

*

नाही, गेला नाही.

पहाटे मी घरातल्या कॉरिडॉरमधून चालले होते. पाऊल वाजलं. एक पाऊल पूर्ण, एक अर्धं. पूर्ण, अर्धं. मी थांबले, तेही थांबलं. ती चाल मला पाठ होती. शेवटच्या वर्षांत बाबा पहाटे असेच चवड्यावर जायचे. आम्हाला वाटायचं, आमची झोप मोडू नये म्हणून.

मी खाली पाहिलं. माझी डावी टाच जमिनीला लागलेली नव्हती. टेकवली, तर कळ पोटरीपर्यंत गेली.

— हात चालतोय ना? मग गप्प राहा. मऊ चप्पल घाल.

चप्पल खरंच होती दाराशी. हातही खरंच चालत होता. सांगितलं तर गोळ्या वाढतील, नाहीतर इंजेक्शन येईल, पुन्हा तपासण्या. कुणाला कळणार होतं?

दवाखाना उघडायच्या वेळेला मी फोन लावला. बाईंनीच उचलला.

"टाच," मी म्हणाले. "डावी. सकाळी टेकवत नाही."

"बरं केलंत सांगितलंत. आणखी काही?"

मी भिंतीला टेकून उभी होते, दोन्ही पाय जागच्या जागी. माझ्यामागे कॉरिडॉरमध्ये एक पाऊल पूर्ण वाजलं, एक अर्धं. माझ्या पाठीशी येऊन थांबलं.

मी वळले नाही. "सांगते," मी म्हणाले, आणि बाबांनाही ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने, पहिल्यापासून सांगायला लागले.