दहा ते दोन

माझ्या वडिलांना, अण्णांना, जाऊन महिना झाल्यावर हनुमंतकाका आमच्या दारात आले. हातात अण्णांची गळाची काठी होती. अण्णांच्या पद्धतीने एक तरी मासा लागला पाहिजे, म्हणाले. देवळालीतले लोक अजून हसतात. गेलेल्या मित्राला कोणी हसलेलं त्यांना सोसत नव्हतं.

बँकेतून निवृत्त झाल्यावर अण्णांना श्रीरामपूरच्या रद्दीवाल्याकडे एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. ते ट्राउट नावाच्या थंड नदीतल्या माशावर होतं. हा मासा प्रवरेत नाही, हे मी सांगून पाहिलं. मासा तो मासा, असं त्यांचं मत. कणकेचा गोळा सोडून ते गळाला कोंबड्याचं पीस बांधत, त्याला माशी म्हणत, आणि ती पाण्यावर फेकत. वेळ ठरलेली, सकाळी दहा ते दुपारी दोन. चार वर्षं अण्णा आणि काका भर उन्हात गुडघाभर पाण्यात उभे राहिले. एकही मासा लागला नाही. काठावरून लोक विचारत, मासे जेवायला गेलेत का?

काका आले त्या रात्री मी पुस्तक उघडलं. 'दहा ते दोन' अण्णांनी पेन्सिलीने अधोरेखित केलं होतं. शेजारी चित्र होतं: माणसामागे घड्याळाची तबकडी, आणि काठी दहाच्या आकड्यापासून दोनच्या आकड्यापर्यंत हलवायची. माशांची वेळ पुढच्या पानावर होती, पहाट आणि तिन्हीसांजा. पण अण्णांनी बत्तीस वर्षं बँकेच्या खिडकीत दहा ते दोन काढले होते. त्यांना पान उलटायची गरज वाटली नसावी. मी इतकी हसले की आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

सकाळी नदीवर मी काकांना सगळं सांगितलं.

"म्हंजी अण्णा चुकला व्हय?"

"हात चुकला, काका. आणि वेळही. संध्याकाळी येऊ या."

"सांच्याला कुनीबी धरतंय. त्यात अण्णाचं काय ऱ्हायलं?"

मग आम्ही दहालाच सुरुवात केली. पहिली माशी काकांच्या टोपीत अडकली, दुसरी माझ्या ओढणीत. पुढे मी मागे उभी राहून आकडे सांगत गेले, "दहा, दोन, दहा," आणि काकांचा हात हळूहळू घड्याळात बसला. पीस पाण्यावर अलगद टेकलं. दोरी ताणली गेली. वीतभर चिलापी होती.

काकांनी माशाआधी मनगटाकडे बघितलं.

"सव्वाअकरा. बराबर येळंत हाय."

मी पुस्तक पिशवीत घातलं आणि "हो काका" म्हटलं. परतताना ते मुद्दाम एसटी स्टँडवरून गेले. प्रत्येक टपरीपाशी थांबून आधी वेळ सांगत होते, मासा मागाहून दाखवत होते.