दौलतखालाच्या गॅलरीचा कठडा

वादळ ओसरलं त्या सकाळी मी गाळ्यात वेल्डिंगचा चष्मा पुसत बसलो होतो, तेवढ्यात चहावाला बयुमी बातमी घेऊन आला. मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्याचा कठडा निखळला होता. बाई कपडे वाळत घालत होती, ती कठड्यासकट खाली आली. जीव वाचला, पण कंबर गेली.

"काम तुझं तर नव्हतं ना, उस्ता गाबिर?"

"नाही रे बाबा," मी म्हणालो. खरंच नव्हतं. पण मला आठवला तो दुसराच कठडा.

दौलतखाला माझ्या आईची धाकटी बहीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. बहारी मोहल्ल्यात समुद्रासमोरच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर ती एकटी राहते. गुडघ्यांमुळे खाली उतरणं बंद. भाजी, पाव, औषधं, सगळं दोरीच्या टोपलीतून वर ओढून घ्यायचं, आणि टोपली सोडायची म्हणजे कठड्यावर टेकून वाकायचं. त्या कठड्याला दर ईदेआधी रंग मी देतो. एरवी माझी तिकडे फेरी होत नाही. आणि गेली तीन वर्षं मी गंज न खरवडता वरूनच रंग मारत होतो.

का, ते सांगतो. अलेक्झांड्रियात लोखंडाचं काम करायचं म्हणजे जन्मभर समुद्राशी भांडायचं. खरवडा, रेड ऑक्साइड लावा, रंग द्या. वर्षभरात खारी हवा रंगाला भेग पाडून आत शिरते, ओल धरते, आणि लोखंड पापुद्र्यांनी सुटायला लागतं. चाळीस वर्षं तेच ते. मी विटलो होतो. खाटेवर पडलो तरी कानात तारेचा ब्रश घासत असायचा.

अवजारांची पिशवी घेतली आणि निघालो. पाच जिन्यांत तीनदा बसलो. दारातच क्लोरीनचा भपकारा आला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"आत्ता कसा उगवलास? ईद चुकली की काय माझी?" खाला खोकत म्हणाली. हातात फडकं, बाजूला बादली. सगळी गॅलरी ओली.

"खाला, तू हे रोज टाकतेस?"

"रोज! नाही टाकलं तर पुसल्यासारखं वाटत नाही. आणि त्या खांबांच्या बुडाशी तांबडे डाग पडतात ना, त्यावर लांबूनच व्हिनेगर ओतते. डाग कसे छान निघतात."

"क्लोरीनवर व्हिनेगर? त्यातून विषारी वायू निघतो, बाई! म्हणून खोकतेस तू!" माझा आवाज चढला. "आणि लोखंडाचं काय होतं ठाऊक आहे? हे तुझं क्लोरीन म्हणजे मिठाचा मोठा भाऊ. व्हिनेगर गंज खातं हे खरं, पण तिथल्या तिथे धुऊन, कोरडं करून तेल लावलं नाही तर मागे लोखंडच खात बसतं. तू तर खांबाच्या बुडाशी दोन्हींचं तळं करून ठेवलंयस!"

"ओरड, ओरड. तुझी आईपण अशीच ओरडायची."

मी खाली बसून पहिल्या खांबाच्या पायथ्याशी हातोडीने टिचकी मारली. ठण्ण आवाज यायला हवा होता. हातोडी आत गेली. वरचा निळा रंग अंड्याच्या टरफलासारखा फुटला, आत नुसता तांबडा भुगा. दुसरा खांबही तसाच. तिसऱ्याला हातोडी लावायची माझी हिंमत झाली नाही.

"बघितलंस?" मी म्हणालो. "क्लोरीनची करणी." सगळं खापर बाटलीवर फोडून मी मोकळा होत होतो, आणि ते मला कळत होतं.

तेवढ्यात खालून भाजीवाल्याची हाक आली. खाला वळली. मी झटकन उठून तिचा दंड धरला. "टेकू नकोस!"

"सोड रे. मी कुठे टेकतेय?" ती आत झोपायच्या खोलीत गेली. खिडकीपाशी खुर्ची होती, आणि दोरी खिडकीच्या दगडी उंबऱ्यावरून खाली सोडलेली. तिने बसल्या बसल्या टोपली सोडली, टोमॅटो वर ओढले.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"तीन वर्षं झाली. तू रंग देऊन गेलास, ईद झाली, आणि पुसताना एक पापुद्रा हातात आला. खाली सगळा गंज. तेव्हापासून गॅलरीत पुसण्यापुरतीच जाते, तीही भिंतीच्या कडेने."

"मग मला बोलली का नाहीस?"

"काय बोलणार?" ती टोमॅटो निवडत म्हणाली. "हात थरथरत होते तुझे त्या दिवशी. म्हटलं, पोराला आता होत नाही, नजरही कमी झाली असेल. सांगितलं तर लाजेने यायचा बंद होईल. येतो, चहा घेतो, तेवढं तरी राहू दे."

माझ्यापुढे सोपी वाट होती. मान डोलवायची, म्हातारपणाच्या नावाने बोटं मोडायची आणि कामाला लागायचं. पण ज्या बाईने मला भरवलं तिच्या तोंडावर ते जमेना.

"नजर चांगली आहे माझी, खाला. मला गंज दिसला होता. खरवडायचा कंटाळा केला. तिन्ही वर्षं."

तिचे हात थांबले. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"त्या पहिल्या ईदेला," ती हळू आवाजात म्हणाली, "शेजारच्या नादियाची दोन्ही पोरं दिवसभर त्या कठड्यावर ओणवून फटाके बघत होती."

मी गॅलरीत गेलो, दार लावून घेतलं आणि कठडा कापायला घेतला. ग्राइंडर लावायची गरजच पडली नाही. हातानेच सुटत होता.