तारेवर बंद झालेली बोली

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे. खिशात मावतो तसला नव्हे. ओकच्या लाकडाची पेटी, कपाळावर दोन घंट्या, समोर बोलायचा कर्णा आणि अंगाला फिरवायची मूठ, असा माझा अवतार. अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या मक्याच्या मुलखात, डेटलेफ आणि विब्के थॉमसेन यांच्या स्वयंपाकघरात मी माझा जन्म काढला.

तेव्हा देशात सुधारणेचे वारे होते. मोठी कंपनी आमच्या आडवळणाला तारा टाकेना, म्हणून शेतकऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःच खांब रोवले. डेटलेफ आणि शेजारच्या पर्डीने मिळून खड्डे खणले. सगळ्या घरांना तार एकच, त्यामुळे कुणाचेही बोलणे कुणीही ऐकावे. त्याचे कुणाला वाईट वाटत नसे. विब्के आपल्या लेकीला, आंत्येला, पाव कसा फुगवायचा ते सांगू लागली, की पर्डीची बायको लव्हिना मध्येच ओरडायची, "अगं, मलाही कळू दे की! इंग्रजीत सांगा!" मग आंत्ये हसत हसत तिला सगळे समजावून सांगायची.

विब्केला इंग्रजी येत नव्हते. होल्स्टाइनहून येताना तिने तिथली जर्मन बोली आणली होती, आणि शेतावर, चर्चमध्ये, दुकानात तिचे तेवढ्यावर भागत होते. आंत्ये लग्न होऊन दूरच्या शेतावर गेली, तेव्हापासून मायलेकींची सुखदुःखे माझ्यातूनच चालत. त्या काळात मला रोज पुसले जाई.

मग जर्मनीशी युद्ध पेटले. १९१८ साली राज्यपालांचा हुकूम निघाला. शाळेत, चर्चमध्ये, रस्त्यावर आणि फोनवरसुद्धा इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायची नाही! हुकूम मोडणाऱ्यांना जाब विचारायला गावोगावी कमिट्या बसल्या. 'इथे देशद्रोही जमतात' अशी खूण म्हणून आमच्याच चर्चच्या दारावर कुणीतरी पिवळा रंग फासून गेले. लव्हिनाचा मुलगा फ्रान्सच्या आघाडीवर होता. तारेवरचे तिचे हसणे थांबले.

विब्केने मला हात लावणे सोडले. डेटलेफ मोडक्यातोडक्या इंग्रजीत लेकीशी बोलायचा आणि ती त्याच्या खांद्याशी उभी राहायची. "विचार ना, बाळ रांगतं का?" असे त्याच्या कानात कुजबुजायची.

त्या शरद ऋतूत तापाची साथ आली. घरोघरी माणसे पडली. एका दुपारी डेटलेफ मक्यात असताना मी वाजलो. विब्केने माझी ऐकायची नळी उचलून कानाला लावली.

"आई, आम्ही दोघंही..." आंत्येने आपल्या बोलीत सुरुवात केली.

"इंग्रजीत बोला!" लव्हिना कडाडली. "माझा पोरगा तिकडे गोळ्या झेलतोय आणि तुम्ही त्यांचीच भाषा माझ्या कानात ओतता? पुन्हा ऐकली तर कमिटीला कळवीन!"

आंत्ये दबकली. मग ती इंग्रजीत बोलू लागली, सावकाश, धापा टाकत. विब्केला त्यातले 'ममा', म्हणजे आई, एवढेच कळले, कारण ती हाक दोन्ही भाषांत सारखीच आहे. ती नुसती "येस, येस" म्हणत राहिली. शब्द पोचवणे माझे काम. अर्थ सांगणे मला कुठून जमणार?

संध्याकाळी डेटलेफ आला. "काय म्हणाली?"

"कोण जाणे. त्या भाषेत बोलली. पण आवाज चांगला नव्हता रे."

त्याने मूठ फिरवफिरव फिरवली. तिकडे कुणी उचलेना. दोघे तशीच घोडागाडी जोडून निघाली. परत आली तेव्हा विब्केच्या कुशीत नात होती, व्हर्ना. आंत्ये गेली होती आणि तिचा नवराही.

काही दिवसांनी लव्हिना गरम सूपचे भांडे घेऊन दारात उभी राहिली. आत येईना.

"त्या दिवशी तू ऐकत होतीस," डेटलेफ म्हणाला. "काय म्हणत होती आमची पोर?"

लव्हिनाने भांडे उंबऱ्यावर ठेवले. "आम्हाला उठवत नाही, बाळ उपाशी आहे, आई, लगेच ये... असं म्हणाली."

"मग तू सांगायला का नाही आलीस?"

"भ्याले. तापाला भ्याले. आणि जर्मनांच्या घरी गेले तर लोक काय म्हणतील, त्यालाही."

डेटलेफने ते बायकोला सांगितले. विब्केने रडणारी नात उचलून खांद्यावर घेतली. मग म्हणाली, "तिला जायला सांग. पोरीच्या दुधाची वेळ झालीय."

त्या हिवाळ्यात विब्के इंग्रजी शिकली. हुकूम पुढे उठला, पण आमच्या घरात ती बोली परत आली नाही. "या पोरीची हाक कुणाला कळली नाही, असं व्हायला नको," एवढेच ती म्हणे. पुढे डेटलेफ गेला. व्हर्ना मोठी झाली.

मग दुसरे युद्ध आले. गावातली तरुण माणसे लढायला गेली आणि मक्याच्या कापणीला जर्मन युद्धकैदी पाठवले गेले. एका कैद्याचा हात यंत्रात सापडला. त्याला आमच्या स्वयंपाकघरात आणले. पहारेकऱ्याने माझी मूठ फिरवून डॉक्टरला बोलावले. डॉक्टर तिकडून विचारी, आणखी कुठे लागले आहे? कैदी रडत काहीबाही बडबडत होता.

"याचं काही कळत नाही, डॉक्टर!" पहारेकरी वैतागला.

चुलीपाशी विब्के ताठ झाली. तिने एप्रनला हात पुसले, कैद्याजवळ गेली आणि त्याच्या, म्हणजे तिच्याच होल्स्टाइनच्या बोलीत म्हणाली, "घाबरू नकोस, पोरा. कुठं दुखतंय ते मला सांग."

पट्टीसाठी चादर फाडणारी व्हर्ना थबकली. "आजी, ही कुठली भाषा?"

"तुझ्या आईची," विब्के म्हणाली, आणि कैद्याचे बोलणे इंग्रजीत सांगू लागली.

त्यानंतर व्हर्ना रोज आजीपाशी बसून शिकू लागली. पण बर्फ वितळण्याआधीच विब्के गेली. व्हर्नाला 'पाव', 'पाऊस', 'झोप आता' असे काही शब्द येतात. त्यांना उत्तर देणारे घरात कुणी उरले नाही.

पुढे नवे फोन आले आणि मला कोठारात टांगले. माझ्या घंट्यांवर गंज चढला आहे, त्याचे मला फार वाटत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात एखादे म्हातारे माणूस वेगळ्या बोलीत बोलत असेल, तर आजच त्याच्याजवळ जाऊन बसा. आणि कुणाची घाबरी हाक तुमच्या कानावर पडली, तुम्हाला ती कळली, तर उठून जा. लव्हिनाचे घर आमच्या दारातून दिसत होते.