पानिपत, सुधारित आवृत्ती

सुधन्वाला पुण्याची बदली हवी होती. बायको, मैत्रेयी, पुण्यात, तो नोएडात, आणि मधे एक डेमो. डेमो पास झाला तर पुणे, नाहीतर कंपनी पाठवेल तिथं.

कंपनीनं फौजेसाठी सॉफ्टवेअर केलं होतं. जवान, रसद, हवामान भरा; चढाई करावी की थांबावं, ते सांगणार. निर्णय अर्थात साहेबांचाच. मशीन नुसतं सल्ला देणार, रिटायर झालेल्या काकांसारखं.

चाचणीला एखादी जुनी लढाई लागते. टीम सगळी पुण्याची, त्यामुळे कुठली, हा प्रश्नच आला नाही. पानिपत भरलं. मशीन म्हणालं, थांबा, हराल.

हे सगळ्यांच्या मनाला लागलं. टीम लीडर गुणवंत सर समोसा खात म्हणाले, "उपाशी मराठा दुप्पट त्वेषानं लढतो. मशीनला हे कोण सांगणार?"

सुधन्वानं सांगितलं. भुकेचे गुण वजा होत होते, ते त्यानं मिळवायला लावले. भाऊसाहेब दणक्यात जिंकले. टीमनं श्रीखंड मागवलं. गुण पूर्ववत करायचे राहिलेच. एकदा जिंकलेली लढाई परत कोण हरेल?

डेमोला ब्रिगेडियर साहेब आले. त्यांनी डोंगरावरची एक चौकी भरली. जवान ताजेतवाने, रसद भरपूर. मशीननं सल्ला दिला: यशाची शक्यता मध्यम, जेवण बंद केल्यास वाढेल.

साहेबांनी रसद निम्मी केली. शक्यता वाढली. रसद पार शून्यावर आणली, तशी स्क्रीन हिरवीगार झाली.

गुणवंत सर एकाएकी खिडकीबाहेरचा फ्लायओव्हर न्याहाळू लागले. साहेबांनी शांतपणे विचारलं, हे तपासलंय कुठल्या लढाईवर?

"पानिपत, सर," सुधन्वा म्हणाला.

"अच्छा. कौन जीता?"

"हम, सर."

"मैं पानिपत का हूँ," साहेब म्हणाले. "हमें किसी ने बताया नहीं।"

मग त्यांनी चहा मागवला आणि टीमपुढची समोशांची प्लेट उचलायला लावली. काम सुधारेल, म्हणाले.

बदलीचा मेल लगेच आला. पानिपतच्या एका ब्लँकेटच्या कारखान्यात गोदामाचं सॉफ्टवेअर बसवायचं होतं. मुक्काम बेमुदत.

"परत कधी येशील?" मैत्रेयीनं फोनवर विचारलं.

"बघू," सुधन्वा म्हणाला. "आधी गेलेल्यांचा अनुभव काही चांगला नाहीये."

निघताना मात्र त्यानं दोन डबे भरून घेतले.